त्या दसऱ्याला बदललेला स्पॉयलर

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. घरातून निघताना गॅसचं बटण बघतो, जिना उतरता उतरता परत वर येऊन बघतो, आणि खाली पोचल्यावर पुन्हा शंका येते ती वेगळीच. चाळीतल्या लोकांना याची इतकी सवय झाली आहे की मी उलटा जिना चढायला लागलो तर कोणी कारणही विचारत नाही. त्यात नोकरी अशी की भीतीला रोज खुराक. एका विमा कंपनीत, गाड्यांच्या नुकसानभरपाईच्या विभागात मी बसतो. दिवसभर समोर फोटो येतात. चेपलेली दारं, फुटलेल्या काचा, डांबरावर एकटीच पडलेली चप्पल. इतर लोक रस्त्यावरून जातात तेव्हा त्यांना रस्ता दिसतो. मला तो फोटोत कसा दिसेल ते आधी दिसतं.

अशा माणसाच्या धाकट्या बहिणीने स्पोर्ट्स कार घ्यावी, म्हणजे काय म्हणावं. गाडी जुनी होती, कोणाची तरी वापरून झालेली. दोन दारांची, बुटकी, हळदीसारखी पिवळी. बहीण लोअर परळला एका ऑफिसात काम करते आणि लहानपणापासून तिला अशाच गाडीचं वेड. आई गेल्यापासून लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच, बाबा, ती आणि मी. बाबा गिरणीत फिटर होते. कोणतंही यंत्र दारात आलं की ते त्यांना पाहुण्यासारखं वाटतं, त्यामुळे त्यांनी गाडीला ओवाळलं आणि पोरीच्या पाठीवर थाप मारली. मी मात्र गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो, कारण घाबरण्यासारखं जे काही होतं ते मागे होतं.

आधीच्या मालकाने डिकीवर बाहेरून आणलेला एक अवाढव्य स्पॉयलर बसवला होता. दोन पाय रोवून उभी केलेली काळी फळी, जवळजवळ छपराच्या उंचीची. मूळची गाडी बिचारी त्याच्याखाली लहान दिसायची. चाळीत त्याला स्पॉयलर कोणी म्हटलंच नाही. इस्त्रीचं टेबल, हेच नाव पडलं. आमच्या चाळीचा स्वभावच असा आहे की कमरेच्या उंचीला सपाट जागा दिसली की त्यावर काहीतरी ठेवलंच पाहिजे. बाजारातून आलेल्या काकू जिना चढण्याआधी पिशवी तिथे टेकवून श्वास घ्यायच्या. सकाळी पेपरवाला तिथे गठ्ठा ठेवून पेपर वाटायचा. एकदा कोणीतरी त्यावर आमसुलं वाळत घातली होती. बहीण चिडायची, मग हसायची. मला हसू येत नसे. कोणीही काही ठेवलं की फळीच्या डाव्या पायातून बारीकसा कट् असा आवाज यायचा, आणि तो आवाज चाळीत फक्त मलाच ऐकू येतो असं मला वाटायचं.

मग एकदा ऑफिसातून येताना लालबागच्या नाक्यावर तिची गाडी माझ्या स्कूटरच्या पुढे आली. सिग्नल सुटला, तिने गाडी दामटली आणि मला ती फळी थरथरताना दिसली. उजवीकडून कमी, डावीकडून जास्त. ही फळी सुटली तर गाडीतल्या माणसाला काहीच होणार नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. होणार ते मागच्याला. जो कोणी मागे असेल त्याला, ज्याने हिचं नावही कधी ऐकलं नसेल त्याला. उडून आलेल्या अशा वस्तूचं पुढे काय होतं ते मला ऑफिसातल्या फोटोंमुळे ठाऊक होतं. त्या रात्री बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली की मला दादर स्टेशनचा पूलसुद्धा हलताना दिसतो. तेही खोटं नाही.

पण मी चिकाटी सोडली नाही. भित्र्या माणसाकडे दुसरं काही नसलं तरी चिकाटी असते. रोज जेवताना विषय काढायचा, तिने उठून जायचं, दुसऱ्या दिवशी परत काढायचा. शेवटी ती कंटाळली. खरं तर तिलाही ते टेबल आवडत नव्हतं. तिने शोधून एक लहान स्पॉयलर मागवला. डिकीच्या कडेला चिकटून बसणारा, बदकाच्या शेपटीसारखा किंचित वर वळलेला. याला बोल्ट नाहीत, नुसता डबल टेप, असं तिने सांगितलं तेव्हा माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. नुसत्या टेपवर? तिने मला कंपन्याही आता असंच लावतात म्हणून समजावलं, व्हिडिओ दाखवले. जागा नीट साफ केली तर रंग निघेल पण हा निघणार नाही, असं त्यातला माणूस म्हणत होता. जागा नीट साफ केली तर, हे शब्द मी मनात नोंदवून ठेवले.

जुना काढायला आम्ही भायखळ्याला तिच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारा, बोलायला कमी असा माणूस. त्याने डिकी उघडून आतून पाना लावला. उजव्या पायाचे बोल्ट गंजलेले होते, ते निघेनात. मग डाव्या पायाकडे वळला, आत हात घालून चाचपलं आणि बाहेर येऊन त्याने फळीला वरून एक धक्का दिला. डावा पाय अख्खाच्या अख्खा त्याच्या हातात आला. आत बोल्ट नव्हताच. कोणीतरी भोकात पुट्टी भरून, वरून काळा रंग मारून पाय नुसता उभा करून ठेवला होता.

"इतने दिन आप इसको चला रहे थे?" एवढंच तो म्हणाला.

बहीण आधी हसली. मग तिने त्या पुट्टीच्या तुकड्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. मी एका टायरवर बसलो. पावसाळाभर ती या फळीसकट लालबागच्या पुलावरून गेली होती, मागे शेकडो लोक असतील. त्यातला एकही माझ्या ओळखीचा नव्हता आणि मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. गॅरेजवाल्याने मला पाणी आणून दिलं. परतीच्या वाटेवर बहीण माझ्याशी नेहमीपेक्षा मऊपणाने बोलली. तू म्हणत होतास ते खरं होतं, असं मात्र म्हणाली नाही, आणि मलाही ते ऐकायचं नव्हतं. मला चुकीचा ठरायला आवडलं असतं.

भोकं बुजवून, डिकी रंगवून गाडी परत आली तोवर नवरात्र संपत आलं होतं. नवीन स्पॉयलर लावायला परत या, असं गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, पण दसऱ्यापर्यंत त्याला सवड नव्हती आणि बहिणीला थांबायचं नव्हतं. दसऱ्याला नवी वस्तू लागली पाहिजे, असं तिचं म्हणणं. बाबांनीही मान डोलावली. चिकटवायचंच तर आहे, आपण घरीच करू, असं ठरलं. मी विरोध केला, पण या वेळी दोघांविरुद्ध एक होतो.

खंडेनवमी आमच्या घरात दिवाळीपेक्षा मोठी. गिरणीत बाबांच्या खात्यात त्या दिवशी सगळे साचे, म्हणजे माग, पुसून, तेल देऊन, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभे करायचे. गिरणी बंद पडली तरी बाबांचा हा दिवस बंद पडला नाही. आता ते घरातल्या प्रत्येक यंत्राची पूजा करतात. आईचं शिलाई मशीन, मिक्सर, माझी स्कूटर, पाने, पक्कड, कोयता. आधी तेलाचा हात, मग कुंकू, मग फूल. कोरड्या लोखंडाला कुंकू लावणं म्हणजे उपाशी माणसाला टिळा लावून वाटेला लावण्यासारखं, असं ते म्हणतात. तेलाची बाटलीही त्यांची ठरलेली, गिरणीत असताना वापरायचे तसलंच पातळ, बिनरंगाचं, किंचित गोडूस वासाचं तेल. अजून कुठूनतरी मिळवतात.

त्या दुपारी बहिणीने डिकीची कड स्पिरिटने पुसली. पुसली म्हणजे घासली. मी बाजूला उभा राहून सांगत होतो, अजून एकदा, ती कोपऱ्यातली जागा राहिली, आणि ती दात ओठ खात पुसत होती. पुसून झाल्यावर कोणी हात लावू नये म्हणून तिने वर स्वच्छ चादर टाकली. मग आम्ही दोघं दादरला झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला गेलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरचा फूलबाजार म्हणजे माणसांच्या पायांवरून चालणं, त्यामुळे यायला उशीर झाला. आलो तेव्हा बाबांची पूजा झाली होती. स्कूटरच्या हँडलला माळ, गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, डिकीवर परत नीट घातलेली चादर. बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गॅलरीत बसले होते. फार प्रसन्न दिसत होते.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही चादर काढली. डिकीच्या मधोमध कुंकवाचं एक बोट होतं. बहिणीने ते हलक्या हाताने कोरड्या फडक्याने टिपून घेतलं, पुसलं असं बाबांना वाटू नये म्हणून. डिकी आरशासारखी चमकत होती. नवा रंग, चमकणारच. तिने टेपवरचा कागद सोलला, मी दुसरं टोक धरलं. मी ते इतक्यांदा वर-खाली सरकवून बघत राहिलो की ती म्हणाली, दादा, तू नुसता बघ. मग बाबांनी माझं टोक धरलं. दोघांनी मिळून स्पॉयलर टेकवला, दाबला, वरून वाळूच्या पिशव्या ठेवल्या. संध्याकाळी पिशव्या काढल्यावर चाळीतल्या प्रत्येकाने तो ओढून पाहिला. बाबांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि घट्ट बसल्याचा निर्वाळा दिला. यंत्राच्या बाबतीत बाबांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. तरी त्या रात्री खाली जाऊन मी एकदा कडेवरून बोट फिरवलंच.

पुढचे दिवस मी तिच्या मागे स्कूटर घेऊन जायला लागलो. माझं ऑफिस फोर्टात, तिचं वेगळ्या दिशेला, तरी रोज सकाळी लोअर परळपर्यंत तिच्या मागे जायचं आणि मग वळायचं. गाडीत बसून स्पॉयलर दिसत नाही, तो मागूनच दिसतो, हे माझं समर्थन. तिने जरा वेग घेतला की मी हॉर्न वाजवायचो. सुरुवातीला ती दचकून हळू व्हायची. नंतर नुसता हात बाहेर काढून हलवायची, म्हणजे ऐकलं, आता पुरे. ऑफिसातल्या मैत्रिणींना ती सांगायची की माझा भाऊ माझा पाठलाग करतो. स्पॉयलर जागचा हलत नव्हता. मला स्वतःचीच थोडी लाज वाटायला लागली होती. पण भीती लाजेला बधत नाही, मी मागे जातच राहिलो.

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत आमची मावशी राहते. तिचे गुडघे दुखतात म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही भायखळ्याच्या बाजारातून तिची भाजी घेऊन निघालो. बहीण गाडीत, मी मागे स्कूटरवर. भाजीच्या पिशव्या डिकीत कोंबल्यावर डिकी बंद होईना. तिने स्पॉयलरवर हात ठेवून डिकी जोरात आपटली. मला ते आवडलं नाही, पण तेवढ्यात ती निघालीसुद्धा.

लालबागच्या पुलावर रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. मोकळा रस्ता दिसला की बहिणीच्या पायाला राहवत नाही. पूल चढून सरळ झाल्यावर तिने गाडी सोडली, मीही स्कूटर पिळली. आणि मला डाव्या टोकाला फट दिसली. आधी वाटलं सावली आहे. मग पापड भाजताना कड उचलते तशी ती कड उचलली, बसली, पुन्हा उचलली, आणि आता खाली बसेना. खालून पिवळा रंग दिसत होता. मी हॉर्नवर अंगठा ठेवला तो काढलाच नाही. तिने खिडकीतून हात काढला आणि हलवला. ऐकलं, आता पुरे.

मी ओरडलो. हेल्मेटच्या आत माझं ओरडणं मलाच ऐकू आलं. तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूने एक मोटरसायकल पुढे गेली आणि आमच्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरली. नवरा, मागे बायको, आणि पुढे टाकीवर बसवलेलं एक लहान पोर. देवळात नाहीतर कोणाकडे जेवायला निघाले असावेत, बायकोने गजरा माळला होता. पोराच्या डोक्याला काही नव्हतं. वाऱ्याने त्याचे केस उडत होते आणि ते दोन्ही हातांनी आरशाचे दांडे धरून, जणू गाडी तेच चालवतंय अशा थाटात समोर बघत होतं. समोर ती पिवळी डिकी.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट समजून केल्यासारखं आठवत नाही. धाडस वगैरे शब्द लोकांनी नंतर वापरले, ते खोटे आहेत. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. ब्रेक दाबून मागे राहावं आणि डोळे मिटावेत, असं मला वाटत होतं, हे मी लपवणार नाही. पण डोळे मिटले तरी तो फोटो दिसणार होता, आणि या वेळी त्यातल्या गाडीचा रंग हळदी असणार होता. मी स्कूटर जितकी पिळता येईल तितकी पिळली. डावीकडून मोटरसायकलच्या पुढे घुसलो, इतका जवळून की त्या माणसाने ब्रेक दाबून मला आईवरून शिवी दिली. ती शिवी मला फार बरी वाटली. तो मागे पडत होता. मी डावा हात काढून त्याला मागे, मागे अशी खूण करत राहिलो आणि आता तिच्या गाडीच्या बरोबर मागे मीच होतो.

स्पॉयलर सुटला तेव्हा काही आवाज झाला नाही. तो डिकीवरून उठला, हवेत एकदा पालथा झाला आणि थांबल्यासारखा वाटला. मग तो माझ्या अंगावर होता. स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर आदळून वर उसळला, खांद्यात काहीतरी मोडल्याचं मला कळलं, आणि मग डांबर. आडवा पडल्या पडल्या मी पहिल्यांदा मागे पाहिलं. मोटरसायकल थांबली होती, तिरकी, पण उभी. पोर भोकाड पसरून रडत होतं. रडतंय म्हणजे आहे, एवढं मला समजलं आणि मग मलाही रडू आलं. शिवी देणारा माणूस धावत आला, माझं हेल्मेट काढलं आणि वारंवार सॉरी म्हणायला लागला. त्याची बायको पोराला घट्ट धरून कठड्याशी उभी होती. बहीण गाडी सोडून उलटी धावत आली.

परळच्या हॉस्पिटलात उजव्या खांद्याजवळचं हाड मोडल्याचं सांगितलं, बाकी नुसतं खरचटलं होतं. हात गळ्यात बांधून मला बाकड्यावर बसवलं तेव्हा बहीण शेजारी येऊन बसली. स्पॉयलर तिने उचलून गाडीत ठेवला होता. टेप सगळा स्पॉयलरलाच आहे, असं ती हळू आवाजात सांगत होती, अखंड आहे, रंगाचा कणही त्याला लागलेला नाही, म्हणजे तो डिकीला नीट कधी चिकटलाच नव्हता, नुसता दाबाने बसून होता. मग तिने आपली बोटं माझ्या नाकापाशी धरली. पातळ, किंचित गोडूस वास.

खंडेनवमीच्या संध्याकाळी आम्ही दादरला फुलं निवडत होतो तेव्हा बाबा हळूच चादर उचलून, त्या कोरड्या, स्पिरिटने धुतलेल्या पत्र्याला आधी तेलाचा हात देत होते. चमकत होती डिकी, ती त्यामुळे. त्यांनी ती अगदी प्रेमाने पुसली असणार, कोपरा न कोपरा.

"बाबांना कळता कामा नये," ती म्हणाली. मी मान हलवली.

घरी आल्यावर पुलावर स्कूटर घसरल्याचं बाबांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. मी स्कूटर हळू चालवतो तरी घसरली याचं त्यांना नवल वाटलं, एवढंच. त्यांनी मला आपल्या हाताने भात भरवला, उशी सारखी केली. मी त्यांच्या हातांकडे बघायचं टाळत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी बहिणीला स्पॉयलर कुठे गेला म्हणून विचारलं. नीट बसला नव्हता म्हणून काढून ठेवला, असं ती म्हणाली. काम आपल्या हातचं आणि नीट बसलं नाही, हे फिटरला कसं पटावं. ती आंघोळीला गेलेली असताना ते किल्ली घेऊन खाली गेले.

वर आले तेव्हा त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला स्पॉयलर होता. तो त्यांनी जमिनीवर ठेवला आणि माझ्या खाटेसमोर पाटावर बसले. बहीण ओल्या केसांनी बाहेर आली आणि दारातच थांबली. बाबांनी टेपवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मला गॅलरीतून उडी मारून पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी काय विचारलं तर काय सांगायचं याची वाक्यं मी भराभर मनात जुळवत होतो आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. बहीण म्हणाली की तिनेच नीट पुसलं नव्हतं, चूक तिची आहे.

"खोटां बोलू नको," बाबा तिच्याकडे न बघता आपल्या गावच्या बोलीत म्हणाले. "ह्यां तेल माझां."

मग ते माझ्या गळ्यातल्या झोळीकडे बघायला लागले. मग त्यांनी बोटाने स्पॉयलर दाखवला.

"हो पडलो तेव्हा पाठी कोण होता?"

कोणी नव्हतं, असं मी म्हणणार होतो. जीभ उचललीसुद्धा होती. "मी होतो, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांना आधीच कळलं होतं. मी वाचलो होतो, त्यांच्यासमोर बसलो होतो, तेव्हा हे इथे संपेल असं मला वाटलं. पण बाबांनी आयुष्यभर यंत्रं उलगडली आहेत, एक भाग हातात आला की त्यामागे कोणता, हे ते बघतातच.

"आणि तुझ्या पाठी?"

मी सांगितलं. मोटरसायकल होती, नवरा-बायको होते, त्यांना काही झालं नाही, ते वेळेवर थांबले. पोराचं मी सांगणार नव्हतो. पण ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, तेव्हा पुढे टाकीवर एक पोर होतं, हेही मी सांगितलं.

बाबांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "केवढां होतां?"

मी डावा हात जमिनीपासून वर धरला आणि अंदाजाने दाखवलं, एवढं. बाबांनी हाताकडे पाहिलं नाही. हाताच्या खालच्या रिकाम्या जागेकडे ते बघत राहिले, आणि मला तो हात खाली घेता येईना.